पोटातलं पाणी, दिवसातून चार वेळा

(दृश्य: पहाटेची खोली. थांबत जाणारा पंखा, लावून घेतलेली खिडकी.)

आधी पंखा बंद. मग खिडकी, मग दार. आई मास्क बांधते, एक मुलालाही बांधते. बांगड्या काढून ठेवते, साबणाने हात धुते, स्वच्छ कोरड्या कापडाने पुसते. आता अर्धा तास या खोलीत कुणी यायचं नाही. पोटाचं डायलिसिस, म्हणजे नळीने पोटात औषधी पाणी भरायचं आणि रक्तातली घाण त्यात उतरली की ते बाहेर काढायचं. हे घरच्या घरी होतं, पण नळीचं टोक उघडं असतं तेवढ्या वेळात धुळीचा कणही महागात पडतो.

मुलगा ९ वर्षांचा, वजन १८ किलो. मूत्रमार्गात जन्मतःच पडदा होता. लघवी मागे तुंबत राहिली आणि दोन्ही किडन्या गेल्या.

(दृश्य: ताणकाट्याला टांगलेली पिशवी.)

पिशवी २ लिटरची आहे, या पोटाला लागतं ८०० मिलिलिटर. शरीराच्या दर चौरस मीटरला साधारण ११०० असा हिशेब, आणि याचं अंग पाऊण चौरस मीटरच्या आसपास. म्हणून हा काटा. पिशवी अंगाइतकी कोमट हवी, पण ती गरम पाण्यात बुडवायची नाही, कारण ओल्या पिशवीवरून जंतू जोडणीपर्यंत पोचतात.

आधी कालचं पाणी बाहेर, वीसेक मिनिटं. मग ताजं पाणी पाच आकडे मोजेपर्यंत थेट रिकाम्या पिशवीत सोडायचं, म्हणजे नळीतली हवा निघून जाते. ही पायरी चुकली तर हवा पोटात शिरते आणि मुलाचा खांदा दुखतो. मग भरणं. काटा ८०० ग्रॅमनी खाली आला की चाप बंद आणि आयोडिनचं नवं टोपण. उरलेलं पाणी कितीही जिवावर आलं तरी ओतून द्यायचं.

(दृश्य: वर्तमानपत्रावर ठेवलेली, बाहेर आलेल्या पाण्याची पिशवी. पाण्यातून दिसणारी अक्षरं.)

बातमी वाचता येते, म्हणजे पाणी स्वच्छ आहे. अक्षरं धूसर दिसली तर पोटात संसर्ग. ती पिशवी फेकायची नाही, मुलासोबत तशीच दवाखान्यात न्यायची. पाणी नितळ असूनही नीट उतरत नसेल, तर नळीला पीळ पडलाय का ते बघायचं आणि मुलाला शौचाला कधी झाली ते विचारायचं. बहुतेकदा बद्धकोष्ठच निघतं.

(दृश्य: वही. पेनाने लिहिलेले आकडे.)

आत ८००, बाहेर ९५०. म्हणजे दीडशे मिलिलिटर जादा पाणी अंगातून निघालं. शेजारी आणखी चार रकाने आहेत: दुखणं, खाज, झोप, शाळा. हे रकाने पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजारातला त्रास कमी करणाऱ्या काळजीच्या, परिचारिकेने आखून दिले. पॅलिएटिव्ह म्हणजे शेवटचे दिवस, असं आपल्याकडे अजून सर्रास समजतात. मुलांसाठी ही काळजी निदानाच्या दिवसापासून, उपचारांच्या जोडीने सुरू व्हायला हवी, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्येच म्हटलंय.

पाणी उतरताना शेवटी पोटात कळ यायची, ते दुखण्याच्या रकान्यात दिसलं. आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून थोडं पाणी आत राहू देतात, कळ थांबली. शाळा बुडायची, म्हणून दुसरी पिशवी शाळा सुटल्यावर, साडेबाराला. रात्रभर खाजवून पाठ सोलून निघायची. अन्नातला फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी जेवणाच्या घासाबरोबरच जाईल हे पाहिलं, आंघोळीनंतर ओल्या अंगाला तेल, नखं कापलेली, आणि रात्री खाज कमी करणारं गॅबापेंटिन, तेही किडनीच्या बेताने अगदी कमी.

(दृश्य: औषधांचा डबा.)

मेडिकलमधून आणलेली आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं या डब्यात नाहीत. किडनीत जो थोडा जीव उरलाय, तो ती घालवतात. मॉर्फिनही सहसा टाळतात. यकृतात त्याची जी द्रव्यं बनतात ती किडनीने बाहेर टाकायची असतात. ती साठली की मूल गुंगीत जातं, हातपाय दचकतात, श्वास मंदावतो. तीव्र वेदनेला फेंटॅनिल बरं, थोड्या मात्रेपासून आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना ही औषधं ठेवणं सोपं झालं. तरी जिल्ह्याच्या ठिकाणी ती मिळतील याचा भरवसा नाही.

(दृश्य: वाटीत बर्फाचा खडा. मुलगा चोखतोय.)

दिवसाचं पिण्याचं पाणी मोजलेलं. तहान लागली की बर्फाचा एक खडा, घोटापेक्षा जास्त वेळ पुरतो. बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी फेकायचं, त्यात पोटॅशियम उतरतं, जे या किडन्यांना बाहेर टाकता येत नाही. शहाळंही त्याच कारणाने बंद.

काही घरांत डायलिसिस थांबवायचा निर्णयही घ्यावा लागतो. तेव्हा धाप लागली तर उशाला उंची, चेहऱ्यावर वारा, औषधाची छोटी मात्रा, आणि रात्रीसुद्धा उचलला जाणारा एक फोन नंबर.

(दृश्य: रात्री दहा. आई पंखा बंद करते.)

चौथी पिशवी. आत ८००. उद्या सकाळी सहाला बाहेर.