पाळीचं पाणी आणि बालीतला व्हिला

(दृश्य : कवठेमहांकाळ तालुक्यातली द्राक्षबाग. ओलांड्यांवर दाट हिरवी पानं, मधल्या पट्ट्यातून फवारणीचा ट्रॅक्टर.)

एप्रिलची खरड छाटणी कधीच मागं पडली. काडी पिकत आली. ऑक्टोबरच्या फळछाटणीला अजून अवकाश आहे. सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षबागायतदाराला वर्षात उसंत मिळते ती एवढीच, श्रावणाच्या आगेमागे. पावसाळी हवेत डाऊनीची, म्हणजे केवडा रोगाची, धास्ती असतेच, फवारणी काही थांबत नाही. पण बाग भावकीतल्या कुणावर तरी सोपवून आठवडाभर घराबाहेर पडता येतं. जानेवारी ते एप्रिल, माल निघायच्या दिवसांत, असा विषयसुद्धा घरात कुणी काढत नाही.

या मोकळ्या आठवड्यात पूर्वी जोतिबा व्हायचा, पंढरपूर व्हायचं, फार तर गोवा. आता इंडोनेशियातली बाली होते. २०२४ मध्ये त्या बेटावर ६३ लाखांच्या आसपास परदेशी पाहुणे उतरले आणि त्यांत ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल संख्या भारतीयांची होती. बेट किती मोठं? आपला सांगली जिल्हा ८,५७२ चौरस किलोमीटरचा. बाली ५,८०० चौरस किलोमीटरही भरत नाही. एवढ्याशा जागेत सगळे राहतात कुठं आणि पाणी कुठलं वापरतात, हे बघायला आम्ही एका घराबरोबर गेलो. आजोबा, आजी, दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं. गावात आजोबांना सगळे तात्या म्हणतात, आपणही तेच म्हणू.

(दृश्य : विमानाच्या खिडकीतून समुद्र. नंतर अरुंद रस्ता, दुतर्फा नारळ, दगडी कमान.)

पहिला विचार हॉटेलचा होता. तो थोरल्या सुनेनं मोडून काढला. हॉटेलात एका घराच्या पाच खोल्या होतात, त्याही वेगवेगळ्या मजल्यांवर. आजींच्या गोळ्या एका खोलीत आणि आजी दुसऱ्या खोलीत. बोलायचं तर बाहेर व्हरांड्यात उभं राहायचं. व्हिलात तसं होत नाही. एक कुंपण, आत सुट्या सुट्या खोल्या, मध्ये अंगण, एका बाजूला उघडा सोपा आणि स्वयंपाकघर. माणसं सात-आठ असतील तर भाडंही माणशी कमी पडतं. दोघांसाठी मात्र पूर्ण व्हिला घेण्यात अर्थ नाही.

ही रचना पर्यटकांसाठी कुणी नव्यानं शोधून काढलेली नाही. बालीतलं जुनं घर असंच असतं. भिंतीच्या आत वेगवेगळ्या पडव्या, मधोमध मोकळं अंगण, दक्षिणेकडं चूल आणि बेटाच्या दक्षिण भागात घरचं देऊळ ईशान्य कोपऱ्यात. आजींनी पहिल्याच सकाळी त्या कोपऱ्याकडं बघितलं आणि चपला लांब काढल्या. व्हिला सांभाळणारी बाई तिथं नारळाच्या पानाची छोटी परडी ठेवत होती. परडीत फुलं, थोडा भात, वर उदबत्ती. रोजचा हा नैवेद्य, त्याला ‘चनांग सारी’ म्हणतात. उंबऱ्यावर, रस्त्यावर, गाडीच्या टपावरही तो दिसतो. पाय पडू नये एवढी काळजी आपण घ्यायची.

श्रावण होता म्हणून स्वयंपाकघर लागणारच होतं. आजींचा सोमवार, धाकटीचा शनिवार. भगर, साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट, भडंग, लसणीची चटणी, मेतकूट, सगळं इथून बांधून गेलं. कोरडं, बंद पाकिटातलं न्यावं. ताजी फळं, बियाणं, रोपं अजिबात नेऊ नयेत, तिथं विमानतळावर ती काढून घेतात आणि शेती जपणाऱ्या बेटाचं ते बरोबरच आहे. शाकाहारी माणसानं आणखी एक ध्यानात ठेवावं. तिथल्या मिरचीच्या ठेच्यात, म्हणजे सांबालमध्ये, बहुतेक वेळा कोळंबीचा ‘तेरासी’ घातलेला असतो. ‘तानपा तेरासी’, म्हणजे तेरासी नको, एवढं सांगितलं की काम होतं. सोयाबीन आंबवून केलेलं तेंपे मात्र पोटभर खावं. या घरातल्या पोरांनी भाजीऐवजी तेच खाल्लं.

इथं मला एक बोललंच पाहिजे. व्हिलात ओटा आहे, म्हणून घरच्या बायकांनी सुट्टीतही तिन्ही त्रिकाळ ओट्यापुढं उभं राहायचं, हे मला पटत नाही. गावी तेच, तिथंही तेच, मग त्यांची सुट्टी कुठली? बऱ्याच व्हिलांत स्वयंपाकाला माणूस मिळतो, काही ठिकाणी तो भाड्यातच धरलेला असतो. या घरानं निघायच्या आधीच ठरवलं होतं, सकाळचं खाणं व्हिलातल्या बाईंकडं, दुपारचं बाहेर आणि रात्री घरचं, तेही दोघा भावांनी करायचं. पहिल्या रात्री पिठलं जरा लागलं. पण दोघी जावा अंगणात पाय सोडून बसल्या होत्या आणि कुणी त्यांना हाक मारली नाही.

(दृश्य : सकाळ. भाताची खाचरं, बांधावरून चालणारे तात्या.)

बालीचं घड्याळ आपल्यापुढं अडीच तास. तात्यांची झोप गावच्याच वेळेला मोडते, त्यामुळं ते उठायचे तेव्हा ऊन आलेलं असायचं. व्हिलाच्या मागं भिंत होती, भिंतीपलीकडं भात. जाहिरातीत त्या खाचरांचा फोटो होता, ‘हिरवागार देखावा’ म्हणून. तात्यांनी देखावा बघितला नाही. त्यांनी पाट बघितला.

पाटात एक लाकडाचा ओंडका आडवा टाकलेला होता. ओंडक्याला खाचा पाडलेल्या, एक रुंद, दोन अरुंद. रुंद खाचेतून जाणारं पाणी एका बाजूला, अरुंद खाचांतलं दुसऱ्या बाजूला. कुठं झडप नाही, कुलूप नाही, राखणदार नाही. तात्या बराच वेळ वाकून बघत राहिले. मग नातवाला म्हणाले, “आरं, ह्यानं तर वाटणी केलीया. ज्याचं जेवढं रान, तेवढी खाच.”

बरोबर ओळखलं होतं त्यांनी.

या व्यवस्थेला ‘सुबाक’ म्हणतात. एका स्रोतावर भिजणाऱ्या शेतकऱ्यांची ती संस्था. तिची परंपरा नवव्या शतकापर्यंत मागं जाते. प्रत्येक सुबाकचा एक प्रमुख, ‘पेकासेह’, आणि प्रत्येक सुबाकचं एक पाण्याचं देऊळ. डोंगर पोखरून हातानं खणलेले बोगदे, त्यांतून आलेलं पाणी आणि मग उतरत उतरत जाणारी खाचरं. बातुर सरोवराची देवी या सगळ्या झऱ्यांची आणि नद्यांची मूळ मानली जाते. २०१२ मध्ये युनेस्कोनं यातल्या पाच भूप्रदेशांना आणि त्यांच्या देवळांना, मिळून १९,५०० हेक्टरना, जागतिक वारशाचा दर्जा दिला. तबानान भागातलं जातिलुवीह त्यांतलंच.

पण वारसा वगैरे बाजूला ठेवू. कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटाला, ज्याचं रान आहे, त्याला एकच प्रश्न पडेल : वरचा माणूस खालच्यासाठी पाणी का सोडतो? आपल्याकडं हेडचा, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेला, भिजवून घेतो आणि टेलचा रात्र रात्र चारीवर बसून राहतो. बालीतला वरचा माणूस काही साधू नाही. त्याचं उत्तर किडीत आहे. सगळ्या खोऱ्यानं एकाच वेळी लावणी केली आणि एकाच वेळी रानं मोकळी ठेवली, तर तुडतुड्यांना आणि उंदरांना खायला काही उरत नाही, त्यांची वाढ तिथंच तुटते. खालच्याला पाणी दिलं नाही तर त्याची लावणी मागं पडते आणि त्याच्या रानात वाढलेली कीड वर चढते. म्हणजे वरच्याला पाण्याची सोय आहे, पण किडीची भीती आहे आणि खालच्याच्या सहकार्याशिवाय तिच्यावर इलाज नाही. लावणी कधी, मोकळीक कधी, हे देवळात बसून ठरतं.

१९७० च्या दशकात सरकारनं हे वेळापत्रक बाजूला सारलं. नवं बियाणं, खत, औषध आणि जमेल तितकी पिकं घ्या, असा हुकूम सुटला. थोडी वर्षं उतारा वाढला. मग कीड अशी फुटली की पिकंच्या पिकं गेली आणि शेतकरी पुन्हा देवळातल्या पाळीकडं वळले.

हे ऐकताना तात्यांना आपल्याच खानापूर तालुक्यातली येरळा आठवली. तिथं तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात स्वतःच्या हिमतीवर बळीराजा धरण उभं केलं, नदीतल्या वाळूच्या विक्रीतून पैसा उभा करून. पाणी जमिनीच्या हिशेबानं द्यायचं नाही, घराच्या हिशेबानं, सारखं द्यायचं आणि भूमिहीनालाही त्याचा वाटा ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं. बालीची खाच रानाच्या मापाची आहे. आपल्या येरळेकाठच्या माणसांचा विचार त्याच्याही पुढं गेला होता, हे इथं अभिमानानं सांगतो.

(दृश्य : व्हिलातला पोहण्याचा तलाव. पोरं उड्या मारतायत. तात्या काठावर, धोतर वर खोचून.)

“ह्ये पानी कुठनं येतंय?”

प्रश्न साधा होता, पण तो विचारायला कवठेमहांकाळचाच माणूस लागतो. कृष्णेचं पाणी उचलणाऱ्या म्हैसाळ योजनेचं पाणी यायच्या आधी या घरानं बाग टँकरवर जगवलीय. उत्तर व्हिला सांभाळणाऱ्यानं दिलं : बोअरचं. त्यानंच पुढं सांगितलं, व्हिला आहे ती जमीन त्याच्या चुलत्याची, पूर्वी तिच्यात भात व्हायचा. इंडोनेशियात परक्या देशाच्या माणसाला शेतजमीन मालकीनं घेता येत नाही. म्हणून ती पंचवीस-तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिली जाते. पैसा एकदम हातात येतो. पण बांधकाम झालेली जमीन पुन्हा भाताला येत नाही.

दक्षिण बालीत, सेमिन्याक आणि चांगूकडं, हे मोठ्या प्रमाणावर झालंय. एक खाचर बुजलं की नुकसान एकट्या मालकाचं होत नाही. पाट तिथं तुटतो, खालची रानं कोरडी पडतात, सुबाकात कामाला येणारे हात कमी होतात, आणि मग खालचाही जमीन देऊन मोकळा होतो. किनाऱ्याजवळ बोअर खोल खोल जातायत आणि गोड पाण्यात खारं मिसळतंय. सप्टेंबर २०२५ मध्ये देनपासार शहरात पूर आला, माणसं गेली, तेव्हा बुजवलेल्या खाचरांची चर्चा बेटभर झाली. भाताचं रान पावसाचं पाणी धरून ठेवतं, काँक्रीट धरत नाही. २००५, २०१९, २०२१ चे महापूर बघितलेल्या सांगलीकरांना ओढे-नाले बुजवल्यावर काय होतं ते वेगळं समजावून सांगायला नको.

मग व्हिलात राहूच नये का? राहावं. पण कुठल्या व्हिलात, हे आपल्या हातात आहे. सिदेमेन, तबानान, उबुदच्या बाहेरची गावं, इथं अजून शेती चालू आहे आणि स्थानिक कुटुंबं स्वतःच्याच अंगणातल्या खोल्या देतात. स्थानिक माणसाच्या लहान निवासाला ‘पोंडोक विसाता’ नावाचा परवाना असतो, तो आहे का ते बुकिंगआधी विचारावं. पाणी कुठलं, तलाव किती वेळा रिकामा करतात, मैलापाण्याचं काय, हेही विचारावं. विचारणारा एक गिऱ्हाईक वाढला की मालक नोंद घेतो. आणि खासगी तलाव हवाच कशाला? समुद्र काही फार लांब नाही.

बाकीची माहिती भराभर. पिण्याला नळाचं पाणी वापरू नये, तिथं मोठ्या बाटल्या मिळतात, त्यांना ‘गॅलन’ म्हणतात. तीस दिवसांचा व्हिसा विमानतळावर मिळतो, ५ लाख रुपिया. फेब्रुवारी २०२४ पासून पर्यटक कर आहे, दीड लाख रुपिया, आपले आठशेच्या आसपास. आकडे ऐकून घाबरायचं नाही. एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ.

पाडव्याच्या सुमारास जाणार असाल तर तारीख बघून जा. बालीचं नववर्षही शकाचंच. त्या दिवसाला ‘न्येपी’ म्हणतात. चोवीस तास दिवा नाही, गाडी नाही, रस्त्यावर माणूस नाही, विमानतळसुद्धा बंद. पाहुण्यांनीही व्हिलाबाहेर पाऊल टाकायचं नाही. २०२६ मध्ये पाडवा आणि न्येपी एकाच तारखेला, १९ मार्चला. घरात जुनीजाणती माणसं असतील तर हा दिवस त्यांच्यासोबत तिथं काढावा, असं मी आवर्जून सांगेन.

(दृश्य : सुबाकच्या देवळाची ओसरी. तात्या, पेकासेह, मध्ये नातू आणि व्हिला सांभाळणारा.)

निघायच्या आदल्या दिवशी तात्यांनी पेकासेहची भेट घडवून आणायला लावली. तात्या मराठीत, नातू इंग्रजीत, व्हिला सांभाळणारा बाली भाषेत. पेकासेहला आश्चर्य वाटलं ते एकाच गोष्टीचं, की कृष्णेचं पाणी आपण पंपानं टप्प्याटप्प्यानं वर चढवतो. त्यांचं सगळं पाणी उतारानं येतं. वीजबिल कोण भरतं, असं त्यानं विचारलं. तात्यांनी ८१-१९ चं गणित सांगितलं, ८१ टक्के सरकार, १९ टक्के शेतकरी.

“आन् तुमचा पाट कोन साफ करतं?” तात्यांनी विचारलं.

“आम्हीच. सगळे.”

“जो येत न्हाई त्यो?”

“दंड.”

“आन् दंड बी भरला न्हाई तर?”

“पाणी थांबतं.”

तात्या म्हणाले, “आमच्याकडं चारी साफ करायचं टेंडर निघतं.”

गावी परतल्यावर त्यांनी पाणी वापर संस्थेच्या बैठकीत विषय मांडला. २००५ च्या कायद्यानं या संस्थांना पाणी वाटपाचा अधिकार दिलेला आहे, तेव्हा चारी साफ करायला कुणाच्या परवानगीची वाट बघायची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. फळछाटणीच्या आधी एक दिवस, प्रत्येक घरातून एक माणूस. टेलच्या लोकांनी लगेच हात वर केले. हेडच्यांनी पुढच्या बैठकीत सांगतो म्हटलंय.