काडेपेटी सहाव्या वर्षी

(अंधार. लाकडं तडतडल्याचा आवाज. मग बंबातला जाळ.)

पहाटेचे साडेपाच. बंबात ढलप्या सारणारा हा हात नऊ वर्षांच्या मुलाचा आहे. घरात माणसं बारा. या बारा जणांच्या अंघोळीचं पाणी तापवायचं काम गेल्या आषाढात त्याच्याकडे आलं, कारण गेल्या आषाढात त्याला नऊ वर्षं पूर्ण झाली. आधी काटक्या, मग आंब्याची ढलपी, बाभूळ शेवटी. बाभूळ उशिरा धरते पण टिकते. हे त्याला कुणी समोर बसवून शिकवलेलं नाही. पहिल्या आठवड्यात तीन जणांनी गार पाण्यानं अंघोळ केली, तेवढ्यात तो शिकला.

(घर, बाहेरून. कालवा. हळदीचं रान.)

वाईपासून पाचेक किलोमीटरवरचं हे घर. मागून धोम धरणाचा कालवा जातो, पुढे हळदीचं रान. दोन भाऊ, दोन जावा, आजी आणि सात मुलं. थोरल्या जावेची चार, धाकट्या जावेची तीन. थोरली एकोणीस वर्षांची होतेय, शेंडेफळ सहाचं. सातांपैकी एकही मूल शाळेत जात नाही. इथून पसरणीचा घाट चढलं की पाचगणी लागते, निवासी शाळांचं गाव. देशभरातली मुलं तिथं शिकायला येतात. घाटाखालच्या या घरातली मुलं गेली अकरा वर्षं घरीच शिकताहेत.

शाळा कितीला भरते, असं आम्ही कॅमेरा घेऊन आलो त्या पहिल्याच दिवशी विचारलं होतं. आजी म्हणाली, "भरायला ती सुटते कधी?"

(माजघर. सतरंजी. सात डोकी, एक मांजर.)

न्याहारीनंतरचे दोन तास मात्र ठरलेले. गणित काकूकडे, भाषा आईकडे. पण नीट बघा, कोण कुणाजवळ बसलंय. थोरली चौदा वर्षांच्या बहिणीला बीजगणित समजावतेय. ती बहीण मधेच उठून नऊ वर्षांच्या भावाचा भागाकार बघून येते. त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या दोघांना अजून जोडाक्षरं जड जातात, त्यांना तोच वाचून दाखवतो. आई सतरंजीवर फारशी दिसत नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडतेय, आणि तिचे कान सगळे इकडे आहेत.

भिंतीतल्या फडताळात मराठी विश्वकोशाचे खंड आहेत. विश्वकोशाचं काम वाईतच चालतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. त्यामुळे या घराला हे खंड परके वाटत नाहीत, गावातल्याच माणसांनी लिहिल्यासारखे वाटतात. आज बारा वर्षांची मुलगी पंडिता रमाबाईंबद्दल मोठ्यानं वाचतेय. रमाबाई शाळेत गेल्या नाहीत. आईवडिलांबरोबर पायी तीर्थयात्रा करताना आईकडूनच संस्कृत शिकल्या, आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' ही पदवी दिली. वाचणारी थांबते. खालून शेंडेफळ विचारतं, "मग त्यांची आई पण पंडिता होती का?" कुणी घाईनं उत्तर देत नाही. कॅमेरा चालू होता तोवर तरी दिलं नव्हतं.

(जवळून: डावा हात, खडू.)

आता हा हात. फरशीवर खडूनं आकडे लिहिणारा थोरलीचा डावा हात. या घराची शाळा या हातापासून सुरू झाली.

२०१४ साली थोरली दुसरीत होती. वहीवर रोज शेरा यायचा, अक्षर सुधारा. डावखुऱ्या मुलीला उजव्या हातानं लिहायला लावत होते. तिची आई स्वतः शिक्षिका, आठ वर्षं नोकरी झालेली. तिनं आधी शाळेत जाऊन सांगून पाहिलं, मग चिठ्ठी लिहिली, मग पुन्हा भेटली. एका संध्याकाळी मुलगी जेवताना घासही उजव्या हातानं उचलीना आणि डाव्यानंही उचलीना. आईनं ठरवलं, एक वर्ष घरी बघू. शिक्षण हक्क कायदा लागू होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, सहा ते चौदा वयाच्या मुलांचं काय करायचं हे त्यात लिहिलेलं होतं. आई-बाबांनी तो कायदा आणून मुळातून वाचला, वकिलाकडे जाऊन बसले, घरी शिकून दहावी-बारावीची परीक्षा देता येते त्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची माहितीपत्रकं गोळा केली. पहिलं वर्ष संपलं तेव्हा थोरली दोन्ही हातांनी जेवत होती, आणि लिहीत होती डाव्यानं. मग धाकट्यांना शाळेत घालायचा विषय कुणी काढला नाही.

आजीचा मात्र अजून एक नियम आहे. प्रसाद उजव्या हातात. थोरली हसून उजवा हात पुढे करते.

(रान. धूर. काहील.)

माघ-फाल्गुनात सतरंजीचे दोन तासही बंद होतात, कारण हळद निघते. वैशाखाच्या शेवटी लावलेली, नऊ महिन्यांची. वरचा पाला कापून आठ दिवस झालेत. बाबा आणि काका कुदळीनं गड्डे काढताहेत, मुलं माती झाडून गड्डे वेगळे आणि हळकुंडं वेगळी करताहेत. चांगले गड्डे पुढच्या वर्षीच्या बेण्याला. शेंडेफळाच्या पायापासून कानापर्यंतचा रंग बघा. महिनाभर तो जात नाही.

चुलाणावर काहील चढलीय. हळकुंडं भरायची, बुडेल एवढं पाणी घालायचं, वर हळदीचाच पाला आणि त्यावर ओलं गोणपाट. पाऊण तासानं फेस येतो, पांढरी वाफ निघते आणि वास बदलतो. कच्च्या हळदीचा वास मातीचा असतो, शिजत आली की तो घशात उतरतो. काका गोणपाट बाजूला करतो. चौदा वर्षांची मुलगी काडी टोचून बघते. काडी अडली तर थांबायचं, लोण्यात शिरावी तशी गेली तर लगेच काढायचं. जास्त शिजली की रंग उतरतो, कमी शिजली की आतून कीड लागते. ती डोकं हलवते, अजून नाही. काका, तीस वर्षं हळद पिकवणारा माणूस, तिचं ऐकतो आणि गोणपाट परत टाकतो.

मग पंधरा दिवस खळ्यावर ऊन. बारा वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी त्याच एका टोपलीचं वजन करते आणि वहीत लिहिते. शंभर किलो ओली हळद वाळून साधारण वीस किलो उरते. ऐंशी किलो पाणी उडून जातं. टक्केवारी हा धडा तिला पुस्तकात सापडायच्या आधी या टोपलीत सापडला. वाळलं की नाही याची शेवटची परीक्षा कानानं घ्यायची. हे ऐका.

(हळकुंड मोडल्याचा 'कट्ट' आवाज. दोनदा.)

(भिंतीला टेकवलेली जुनी कॅलेंडरं. धूळ.)

बारा माणसं म्हणजे वर्षाला बारा वाढदिवस. तारीख आणि तिथी दोन्ही धरली तर चोवीस. तारखेला मित्रमंडळी येतात, केक कापतात. तिथीला घरातल्या घरात औक्षण, आणि खरा वाढदिवस तोच, कारण त्या दिवशी काम मिळतं.

भेटवस्तू नाही, काम. ही वही बघा, थोरलीच्या अक्षरातली. सहा वर्षं पूर्ण: काडेपेटी. नऊ: बंब. बारा: दुधाची वही, म्हणजे दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब आणि त्याच्याशी होणारा वादही. चौदा: रानातल्या मोटरची चावी. सोळा: एसटीनं एकट्यानं पुण्याला आत्याकडे जाऊन यायचं. प्रत्येक नोंदीपुढे तिथी, तारीख आणि आजीचा अंगठा. आजीला सही येते. तिनं अंगठाच निवडला, हळदीत बुडवलेला. कागदावर तो अजून पिवळा आहे.

यात एक पेच आहे, आणि तो साडेसहा वर्षांच्या या मुलीचा आहे. ती २०१८च्या अधिक ज्येष्ठात जन्मली. अधिक ज्येष्ठ त्यानंतर येणार थेट २०२६ साली. आजी तिचं औक्षण दरवर्षी निज, म्हणजे नेहमीच्या ज्येष्ठात करते, शास्त्र तसंच आहे. तिला ते पटत नाही. तिच्या हिशेबी ती अजून एकदाही वाढलेली नाही, काडेपेटी तेवढी तिनं मागून घेतली.

या पेचातूनच पुढचं सगळं निघालं. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्षाहून अकरा दिवसांनी लहान. म्हणून तिथी दरवर्षी मागे सरकते आणि अधिक महिना येऊन तिला पुढे ढकलतो. मग कुणाचीही तिथी आणि तारीख पुन्हा कधी गाठ घेत असतील का? बारा वर्षांच्या मुलीनं हे शोधायला घेतलं. आजी एकही कालनिर्णय टाकत नाही. मागच्या बाजूला दुधाचे आकडे असतात, चौकटीत सिलिंडर आल्याच्या खुणा असतात. माळ्यावरून वीस वर्षांची कालनिर्णयं खाली आली. ओळीनं अधिक महिने मोजले. एकोणीस वर्षांत सात. एकोणीस गुणिले बारा २२८, अधिक सात, २३५ चांद्रमास. २३५ चांद्रमासांचे दिवस आणि एकोणीस सौरवर्षांचे दिवस, दोन्ही सहा हजार नऊशे एकोणचाळीसच्या थोडे वर. फरक दोन तासांचा. म्हणजे एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जवळजवळ एकत्र.

थोरली खडूनं फरशीवर लिहीत होती ते हेच.

(दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी. बोट चौकटीवर.)

२६ फेब्रुवारी २००६, महाशिवरात्र. थोरलीचा जन्म. चौकटीत आजीच्या हातचं एवढंच आहे, 'मुलगी. पहाटे.' आणि हे यंदाचं. २६ फेब्रुवारी २०२५, महाशिवरात्र. वार तेवढा बदललाय, तेव्हा रविवार होता, आज बुधवार.

(धोम. पहाट. कमळाचं कुंड.)

महाशिवरात्रीच्या पहाटे सगळं घर धोमच्या महादेवाला आलंय. इथला नंदी कासवाच्या पाठीवर बसलाय, आणि त्याच्या भोवती दगडी कमळाचं कुंड आहे. सात भावंडं कुंडाच्या काठावर उकिडवी बसून कासवाचे पाय मोजताहेत.

घरी सगळ्यांचा उपास, त्यामुळे केक नाही, पुरण नाही. वाढदिवसाचं जेवण म्हणजे वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, उकडलेली रताळी आणि कवठाची चटणी. कवठ उंबऱ्यावर आपटायचा मान थोरलीचा. एका फटक्यात दोन शकलं. गर, गूळ, जिरं, मीठ, हिरवी मिरची. पाटा-वरवंट्याचा आवाज आम्ही कापलेला नाही.

दिवेलागणीला औक्षण. आजीच्या हातात तबक. सुपारी, अंगठी, अक्षता. आज थोरलीला काय मिळणार हे घरात फक्त आजीला माहीत आहे.

(वही उघडते. आजीचा अंगठा हळदीत.)

एकोणीस: हळदीचा सौदा.

यंदा सांगलीच्या बाजारात काकाबरोबर थोरली जाईल. दर ऐकून हो किंवा नाही म्हणेल ती. काका मागे उभा राहील.

(थोरलीचा चेहरा. निवेदन नाही. दहा सेकंद.)

थोरलीनं दहावी आणि बारावी मुक्त विद्यालयातून दिली. एका कॉलेजच्या खिडकीवर तिचं प्रमाणपत्र बघून अर्ज परत केला गेला, आता ती यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी करतेय. आईची नोकरी सुटली ती सुटलीच. सोळा वर्षांच्या मुलाला यंदा वाईच्या कॉलेजात जायचंय, त्यावर घरात बोलणं चालू आहे. चौदा वर्षांची दहावीची नोंदणी करतेय. चौदा पूर्ण झाली की ती करता येते, आणि परीक्षा पूर्ण करायला पाच वर्षांत नऊ संधी मिळतात.

रात्री थोरली ही वही बारा वर्षांच्या बहिणीच्या हातात देते. पुढच्या नोंदी आता तिच्या अक्षरात.

(आठवड्यानंतर. देवघर. वारा.)

आणि ही त्या अक्षरातली पहिली नोंद. शेंडेफळ, सहा वर्षं पूर्ण. नवी काडेपेटी, अजून कागदात.

आजी तबक घेऊन बसलीय. निरांजनात तूप आहे, वात आहे, ज्योत नाही. या घरात सहाव्या वाढदिवसाला ज्याचं औक्षण त्यानंच निरांजन लावायचं. अधिक ज्येष्ठातली बहीण त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसून सांगतेय, "काडी स्वतःकडून लांब ओढायची. बोट पुढे नाही ठेवायचं. घाबरलास तरी सोडायची नाही, वाकडी धरायची."

पहिली काडी मोडते.

दुसरी पेटते, दारातून आलेल्या वाऱ्यानं विझते. आई उठायला जाते. आजी नजरेनं तिला बसवते. बहीण दोन्ही तळव्यांचा आडोसा करते.

तिसरी.

(जवळून: वात धरते.)

आजी कापूस त्याच्या डोक्याला लावते. "कापसासारखा म्हातारा हो." आणि तबक उचलते.