सहा पिनांनी जिंकले, पण खेळलं कोण?

[दृश्य: लोअर परळ, मॉलमधली बोलिंगची लेन. पिना कोसळल्याचा आवाज.]

बोलर म्हटलं की मुंबईकराला शिवाजी पार्क आठवतं. हा बोलर वेगळा. याच्या हातात तीन बोटांनी धरलेला जड बॉल, समोर तेल लावलेली लेन आणि साठ फुटांवर दहा पिना. ऑफिस सुटल्यावर जमणाऱ्या हौशी लीगमध्ये नवखे आणि मुरलेले एकत्रच उतरतात, म्हणून हँडिकॅप: सरासरी जितकी कमी, तितक्या जास्त पिना, म्हणजे गुण, वरून मिळतात.

[दृश्य: गुणपत्रक, अगदी जवळून.]

समजा, लीगने २०० हा आधार धरलाय आणि टक्केवारी ९०. आपली सरासरी २०० मधून वजा करायची, उरेल त्याचे ९० टक्के काढायचे, अपूर्णांक सोडून द्यायचा. १७६ सरासरीच्या काकांना दर गेमला २१ पिना मिळतात, १२८ सरासरीच्या मुलीला ६४.

आता एका संध्याकाळचे तीन गेम. काका: १८२, १७१, १९०. बेरीज ५४३, हँडिकॅप धरून ६०६. मुलगी: १२१, १४९, १३८. बेरीज ४०८, हँडिकॅप धरून ६००. काका सहा पिनांनी जिंकले.

पण काकांच्या सरासरीने तीन गेमचे ५२८ होतात. ते त्याच्या १५ वर गेले. मुलीचे होतात ३८४, ती गेली २४ वर. जास्त चांगलं खेळली ती, आणि हरलीही तीच. गोम आहे ९० टक्क्यांत. १२८ अधिक ६४ म्हणजे १९२. १७६ अधिक २१ म्हणजे १९७. दोघं आपापल्या सरासरीइतकंच खेळले तरी काका दर गेमला पाच पिना पुढे. ही लबाडी नव्हे, मुद्दाम ठेवलेली सोय आहे. वर्षानुवर्षं घासून कमावलेल्या खेळाला थोडी किंमत नको? हँडिकॅपचा आकडा सामन्याचा निकाल लावतो. खेळाडू जोखायला तो कामाचा नाही.

त्यासाठी पत्रकात एक रकाना वाढवा: आजची बेरीज, वजा सरासरीची तिप्पट. सरासरी आज लेनवर येतानाची घ्या, आजचे गेम मिसळलेली नको. बरेच जण इथेच चुकतात. या मुलीचे आधी ९ गेम झाले असतील, तर आजच्या ४०८ ने तिची सरासरी १३० होते आणि २४ पिनांची कमाई १८ दिसते. ३६ गेम झाले असतील तर सरासरी १२८ वरून हलतसुद्धा नाही. त्यामुळेच हंगामाच्या मध्यावर झपाट्याने सुधारणारा नवखा कितीतरी आठवडे जुन्या हँडिकॅपवर खेळत राहतो. त्याच्या नावापुढे शेवटच्या १२ गेमची सरासरी वेगळी लिहावी.

[दृश्य: उजव्या कोपऱ्यात एकटी उरलेली पिन. बॉल तिच्या शेजारून गटरात.]

ही दहा नंबरची पिन. गेममध्ये दहा फ्रेम, म्हणजे दहा पाळ्या, आणि पाळीला दहा पिना पाडायला दोन बॉल. पहिल्या बॉलला नऊ पडल्या, ही उरली. पाडली तर स्पेअर: दहा, अधिक पुढच्या बॉलच्या पिना. पुढेही नऊ पडल्या तर ही फ्रेम १९ ची. चुकली तर नऊवरच. एका पिनेपायी दहा गेले! दहाही फ्रेममध्ये नऊ आणि स्पेअर, शेवटच्या जादा बॉललाही नऊ, तर एकाही स्ट्राइकशिवाय, म्हणजे पहिल्याच बॉलला दहाही न पाडता, १९० होतात. तेच सगळे स्पेअर हुकले तर ९०. एकट्या पिनेच्या संधी किती आल्या, साधल्या किती, एवढंच टिपा. स्प्लिट, म्हणजे मध्ये फट सोडून उरलेल्या पिना, यात धरू नका, ती वेगळीच डोकेदुखी. टाळ्या स्ट्राइकला पडतात, म्हणून स्पेअर कुणी मोजतच नाही.

एका ठिकाणची सरासरी दुसरीकडे चालत नाही. दोरीला बांधलेल्या पिना मोकळ्या पिनांसारख्या पडत नाहीत. अमेरिकेतल्या बोलिंग संघटनेने २०२३ मध्ये दोरीच्या पिनांचा खेळ स्वतंत्र प्रकार म्हणूनच मान्य केला. आणि लेनवरचं तेल. संध्याकाळभर बॉल फिरले की ते बॉलला लागून कमी होतं, पसरतं, आणि सहा वाजता जमलेली बॉलची वाट नऊला चुकते.

[दृश्य: ओली फरशी, बोलिंगच्या बुटाचा तळवा.]

पावसाळ्यात आणखी एक घोळ. हे बूट घालून ओल्या फरशीवरून आलं की तळवा चिकटतो. शेवटचं पाऊल घसरायला हवं, ते जागीच अडकतं आणि माणूस फाउल लाइनवर, म्हणजे लेनच्या सुरुवातीच्या न ओलांडायच्या रेषेवर, झोकांडतो. जुलैत कुणाचा पहिला गेम एकदम खाली आला तर सरासरीआधी बूट बघा.

जास्त हँडिकॅप मिळावा म्हणून मुद्दाम सरासरी पाडणारेही असतात. सामना खिशात आला, किंवा हातचा गेला, की यांचे सोपे स्पेअर चुकायला लागतात. निकाल लागून गेल्यानंतरच्या फ्रेम वेगळ्या काढा. एरवी दहापैकी सात एकट्या पिना पाडणारा तिथे वारंवार दोनच पाडत असेल, तर त्याची सरासरी पत्रकावरून घेऊ नका, लीगच्या समितीने ठरवून द्यावी.