सोट्या : तिसऱ्या मजल्यावरचा कारवान

(दृश्य: पुण्यातला फ्लॅट. सोफ्यावर उताणा झोपलेला, लांबुडक्या तोंडाचा कुत्रा.)

साडेनऊ वाजलेत. सकाळी सहाला फिरून आल्यापासून सोट्या असाच पडलाय. धावता ससा धरणारी याची जात, आणि घरात कुत्रा आहे हे पाहुण्यांना सांगावं लागतं!

सोट्या कारवान आहे. सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात, याला मुधोळ हाउंड म्हणतात. दोन्ही एकच की वेगळे, यावर जाणकारांचं अजून भांडण चालू आहे. आपण त्यात पडायला नको. मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान, आणि ही जात टिकवण्याचं श्रेय मालोजीराजे घोरपड्यांना देतात. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्र्यांची नावं घेतली, त्यात मुधोळही होता. शहरातल्या हौशी लोकांना तेव्हा ही जात नव्याने कळली.

हौस फिटली की काय होतं, ते सोट्याच्या मानेवर दिसतं.

(दृश्य: मानेवरचा केस नसलेला पट्टा, जवळून.)

एका बंद फार्महाऊसच्या फाटकाला तो बांधलेला सापडला. पट्टा कातडीत रुतला होता. जनावर असं टाकून देणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. एवढ्यात नवा पट्टासुद्धा येत नाही.

काका-काकूंनी त्याला घ्यायचं ठरवलं, तेव्हा कुत्रा दत्तक देणाऱ्यांकडून स्थळाची करावी तशी त्यांचीच चौकशी झाली. घर भाड्याचं की स्वतःचं? गावाला गेलात तर कोण बघणार? मांजर आहे का? गॅलरीच्या गजांत हात घालून अंतर पाहिलं गेलं. काकू जरा दुखावल्याच होत्या. आता म्हणतात, बरं झालं.

पहिले तीन आठवडे सोट्या वॉशिंग मशीनच्या मागे. कारवानाला परक्याचा हात चालत नाही, आणि तेव्हा सगळेच परके. काकांनी हात लावायचा नादच सोडला. त्याच्याकडे पाठ करून, फरशीवर बसून ते रोज पेपर वाचायचे. एका सकाळी पाठीला थंडगार नाक लागलं. काका हलले नाहीत. अग्रलेख त्या दिवशी दोनदा वाचला, म्हणाले.

(दृश्य: सोसायटीचा जिना.)

"अहो, खायला घालता की नाही याला?" हा प्रश्न लिफ्टपाशी ठरलेला. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हीच या जातीची तब्येत. आजी तरीही गुपचूप दूध-भाकरी कुस्करून ठेवतात. अंगावर चरबी बेताची, म्हणून डिसेंबरात स्वेटर लागतो. आणि भुलीच्या काही औषधांचा अंमल अशा सडसडीत शिकारी कुत्र्यांवर जास्त वेळ टिकतो, त्यामुळे नसबंदीआधी डॉक्टरांशी त्यावर वेगळं बोलणं झालं.

एक गोष्ट मात्र अंगावर शेकली. कारवानाचं डोकं मानेपेक्षा निमुळतं, साधा पट्टा सुर्रकन निघतो. टेकडीवर मुंगूस दिसलं, आणि काकांच्या हातात नुसता पट्टा उरला. हाका मारून उपयोग नव्हता. हा नजरेने शिकार करणारा कुत्रा. डोळ्यांनी एकदा भक्ष्य धरलं की कान बंद. अडीच तासांनी तो दुसऱ्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडला, पंजे सोलवटलेले. तेव्हापासून रुंद, ओढला की आवळणारा पट्टा, शिवाय छातीला दुसरा. मोकळं सोडायचं ते फक्त उंच भिंतीच्या आवारात.

(दृश्य: संध्याकाळ. कंपाउंडच्या भिंतीवर मांजर.)

सोट्या थबकतो. एक पाय उचललेला, शेपूट ताठ. काका दोर मनगटाला आणखी एक वेढा देतात. मांजर सावकाश, अगदी मुद्दाम सावकाश, भिंतीच्या टोकापर्यंत चालत जातं आणि पलीकडे उडी मारतं.

सोट्या रिकाम्या भिंतीकडे बघत राहतो. काकाही.

"चल रे, भाकरी निवेल."