बापाचं नाव, पणजोबांची माती

नमस्कार, श्रोतेहो.

जपानमध्ये क्योतो शहरात किचिझाएमोन राकु नावाचे एक कुंभार राहतात. त्यांच्या वडिलांचं नावही किचिझाएमोन राकु, आणि आजोबांचंही तेच. वडील घराण्यातले पंधरावे, हे सोळावे. 2019 च्या जुलै महिन्यात वडिलांनी भट्टी मुलाच्या हवाली केली, तेव्हा भट्टीबरोबर नावही हवाली केलं. मुलाचं आत्सुंदो हे जन्मनाव मागे पडलं. वडिलांनी निवृत्तीचं म्हणून जिकिन्यू असं नवं नाव घेतलं. आता निवृत्ती म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. वाडगे ते अजूनही घडवतात, फक्त किचिझाएमोन म्हणून नाही.

जपानमध्ये अशी कुंभार घराणी बरीच आहेत. कुणाची चौदावी पिढी चाकावर बसलेली, कुणाची पंधरावी. हे वाचलं की आपण पटकन म्हणतो, वा, काय परंपरा जपली आहे! मला मात्र प्रत्येक वेळी एक साधा प्रश्न पडतो. या माणसांच्या हातात बापाकडून नेमकं येतं काय? नाव आलं, पुढे काय? गंमत अशी, की घर बदललं की उत्तर बदलतं.

राकुंपासूनच सुरू करू. या घराण्याचा मूळपुरुष चोजिरो. तो छपरावरची कौलं आणि कौलांवरची शिल्पं करणारा कारागीर होता. त्याने केलेला एक सिंह आजही शाबूत आहे, त्यावर 1574 सालाची नोंद आहे. त्या काळी चहाच्या समारंभाला ज्याने वळण लावलं, त्या सेन नो रिक्यूने या कौलवाल्याकडून चहाचे वाडगे करून घेतले. नक्षी नाही, चित्र नाही. एक काळा, एक लाल, बस्स. आणि चाकही नाही! मातीची चकती थापायची, तळव्यांनी दाबत दाबत कडा वर उचलायच्या, जरा सुकलं की लोखंडी पात्याने तासायचं. साडेचारशे वर्षं झाली, राकुंच्या घरी वाडगा असाच होतो.

काळा वाडगा भाजतात तो प्रकार तर ऐकण्यासारखा आहे. भट्टी घरातच, आकाराने लहान. तिच्यात एका वेळी एकच वाडगा. भोवती कोळसा, आणि बाजूला भाता ओढणारा माणूस. क्योतोतल्या कामो नदीच्या दगडाची पूड करून त्याचं लुकण, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, वाडग्याला दिलेलं असतं. ते वितळलं, की लालबुंद वाडगा सांडशीने धरून सरळ बाहेर काढायचा. बाहेरची हवा लागते आणि तो काळा रंग पक्का होतो. सावकाश गार केला, तर तो काळा होणारच नाही. सांडशीने जिथे पकडलं तिथे खूण उरते. ती कुणी घासून काढत नाही, जाणकार तर वाडगा हातात घेतला की आधी ती शोधतात.

आता वारशाकडे येऊ. राकुंच्या घरात माती साठवून ठेवायची रीत आहे. आज मिळालेली चांगली माती आज वापरायची नाही, ती नातवंडा-पतवंडांसाठी. स्वतः वापरायची ती आजोबा-पणजोबांनी ठेवलेली. 1788 साली क्योतोला मोठी आग लागली. त्या आगीत राकुंचं घर जळालं आणि चोजिरोच्या काळापासून राखलेली माती गेली, असं घराण्याचा इतिहास सांगतो. म्हणजे आग लागली तेव्हा या कुटुंबाने हळहळून नोंद केली ती मातीची. तिथून पुन्हा शोधणं, पुन्हा साठवणं सुरू झालं.

माती देतात, पण विद्या देत नाहीत. शिकवायची पद्धतच या घरात नाही. लुकणात काय किती घालायचं, याचं टिपण करून बाप मुलाला देत नाही. मुलाने बघावं, भाता ओढावा, आणि पुढचं आपलं आपण हुडकावं. पंधरावे आणि सोळावे, दोघेही आधी टोकियोला जाऊन शिल्पकला शिकले. पंधरावे तर तिथून इटलीला गेले. घरी परतून त्यांनी जे वाडगे केले, ते बघून चोजिरो चक्रावलाच असता. पात्याने सपासप कापलेल्या कडा, टोकदार कोपरे, पृष्ठभागावर राखाडी-पिवळट डाग. खरं सांगू? मला त्यांचा धाक वाटतो. यातला एखादा पुढे आला तर ओठ कुठे टेकवायचा, असा प्रश्न पडावा. पण हे बंड घराबाहेर जाऊन केलेलं नाही. घरातच, त्याच मातीत, त्याच हाताने थापायच्या रीतीने केलेलं आहे. मुलाचे वाडगे याच्या उलट. शांत, अंग आवरून बसलेले. वडिलांनी इतका आवाज केल्यावर मुलाने गप्प राहून स्वतःचं काही म्हणणं, हे सोपं नसावं.

आणि सोळा पिढ्या म्हणजे सोळा पिढ्यांचं एकच रक्त, असंही समजू नका. पाचवे सोन्यू हे दत्तक. कोरिन आणि केन्झान ही जपानी कलेतली दोन मोठी नावं, त्यांचे ते चुलत भाऊ लागत. चौथ्यांना स्वतःचाही एक मुलगा होता, पण विवाहाबाहेरचा. त्याने पुढे तामामिझु गावी वेगळी भट्टी थाटली. अकरावे केइन्यू तर तांबा प्रांतातल्या एका मद्य गाळणाऱ्याच्या घरून आले. आपल्याकडे दत्तक प्रकरणांवरून संस्थानं खालसा झाली, कज्जे पिढ्यान्‌पिढ्या चालले. राकुंकडे दत्तक घेतलं म्हणूनच घर चाललं.

आता दक्षिणेला, क्यूशू बेटावर आरिता या गावी जाऊ. हे चिनी मातीच्या भांड्यांचं गाव. इथल्या काकिएमोन घराण्याने सतराव्या शतकाच्या मध्याला भाजलेल्या पांढऱ्या भांड्यांवर लाल, हिरवी, निळी चित्रं काढून पुन्हा भाजायची कला साधली. डच व्यापाऱ्यांनी हा माल युरोपात नेला. तिकडे तो इतका आवडला, की पुढच्या शतकात जर्मनीतल्या मायसेनच्या कारखान्यात त्याच्या हुबेहूब नकला होऊ लागल्या.

काकिएमोनची खरी ओळख मात्र चित्रांखालच्या पांढऱ्यात आहे. इतर भांड्यांच्या पांढऱ्यात निळसर छटा असते, हा उबदार पांढरा. तिथले लोक त्याला तांदळाच्या धुवणाचा रंग म्हणतात. तर हा रंग अठराव्या शतकात घराण्याच्या हातून सुटला. करायला अवघड, भट्टीत भांडी तडकायची, वाकडी व्हायची. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या, काकिएमोन नावाचे वारस होत राहिले आणि त्यांच्यातल्या कुणालाच तो पांढरा करता येत नव्हता! बाराव्या आणि तेराव्यांनी, म्हणजे बाप-लेकांनी मिळून, तो 1953 साली पुन्हा साधला. तेव्हा अखंड परंपरा वगैरे शब्द वापरताना जरा जपून. मधली ही दीडदोनशे वर्षं परंपरेत फक्त नाव चालू होतं. आजचे पंधरावे काकिएमोन 2014 साली गादीवर आले, वडील गेल्यानंतर. त्यांच्याकडे साधलेला पांढरा आयताच आला, हे त्यांचं नशीब. आणि कदाचित अडचणही.

याच आरितात इमाएमोन घराणं आहे. या भागावर राज्य करणाऱ्या नाबेशिमा सरदारांच्या खास भांड्यांवर रंगकाम करणारं. त्यांचे चौदावे, सध्याचे, हे वडिलांचे दुसरे चिरंजीव. कॉलेजात ते धातुकाम शिकले. 2014 साली सरकारने त्यांचा राष्ट्रीय सन्मान केला, तेव्हा त्यांचं वय अवघं 51 होतं. त्यांचं काम जवळून सांगतो, कारण मला ते फार आवडतं. कच्च्या भाजलेल्या थाळीवर साध्या शाईने नक्षी काढायची. वरून सगळीकडे निळा रंग द्यायचा. शाईत सरस असतो, तो रंगाला धरू देत नाही. मग थाळी एकदा भाजली की शाई जळून जाते आणि जिथे शाईची रेघ होती, तिथे पांढरी रेघ उघडी पडते. म्हणजे जी रेघ काढली ती उरतच नाही, तिची जागा तेवढी उरते. जुन्या काळी ही युक्ती मागच्या बारीक नक्षीपुरती असे, लोकांचं लक्ष पुढच्या फुलांवर. चौदाव्यांनी ती पार्श्वभूमीच पुढे आणली. हिमकणांच्या पांढऱ्या नक्षीने थाळीच्या थाळी भरली.

मघाशी राष्ट्रीय सन्मान म्हणालो. 1950 सालच्या कायद्याने जपानने आपल्या कारागिरांच्या हातातली विद्या हीसुद्धा राष्ट्राची ठेव मानली. सर्वश्रेष्ठ कारागिरांना लोक ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणतात. त्यांना सरकारकडून वर्षाला 20 लाख येन मिळतात, आणि त्यांनी पुढची माणसं तयार करावीत ही अपेक्षा असते. हागी गावच्या मिवा घराण्यात तर दोन सख्ख्या भावांना, दहाव्या आणि अकराव्या क्यूसेत्सूंना, हा मान मिळाला. आणि त्याच घराण्यातले बारावे? त्यांनी तरुणपणी मातीचे उंच टाचांचे बूट घडवले. चहाच्या वाडग्यांसाठी नावाजलेल्या घरात बायकांचे बूट!

या सगळ्याला एक कडू बाजूही आहे. आरिता आणि हागी ही गावं, सात्सुमा हा प्रांत, इथल्या कुंभारकामाच्या मुळाशी कोरियातले कुंभार आहेत. जपानचा त्या काळचा सत्ताधीश हिदेयोशी याने, म्हणजे ज्याने रिक्यूला पोट चिरून घ्यायला लावलं त्यानेच, 1592 ते 1598 या काळात कोरियावर स्वाऱ्या केल्या. परतणाऱ्या सरदारांनी तिथले कुंभार उचलून आणले. सात्सुमात आणलेल्यांपैकी एका घराचा वंश आजही नांदतो आहे. तिथल्या प्रमुखाला चिन जुकान म्हणतात. कोरियन उच्चार शिम सू-ग्वान. सध्याचे पंधरावे 1999 साली गादीवर आले. त्याआधी त्यांनी कोरियात जाऊन कुठलं काम शिकावं? राजवाड्यातली भांडी नव्हे, किमची मुरवायचे रांजण. चारशे वर्षांपूर्वी घरातून तुटलेला धागा त्यांनी लोणच्याच्या रांजणापासून धरला. 1998 साली तर कोरियातल्या नामवोनहून विस्तव आणून तो कागोशिमात, म्हणजे जुन्या सात्सुमात, पेटवला गेला. ज्या गावातून पूर्वज नेले, तिथला विस्तव.

शेवटी एका डोंगराळ गावाबद्दल सांगतो. ओइता प्रांतातलं ओंता. इथे 1705 पासून कुंभारकाम चालतं आणि भट्टीवाली घरं जेमतेम नऊ-दहा. नाव गाजलेला कुणी नाही, कारण नाव लावायचंच नाही अशी गावाची रीत. भांड्याखाली फार तर गावाचा शिक्का, कुंभाराचा नाही. गावात शिरलं की आधी आवाज येतो. ओढ्याच्या काठाने पाइनचे लांबलचक ओंडके आडवे टांगलेले. एका टोकाला कोरलेला खळगा, दुसऱ्या टोकाला मुसळ. खळग्यात ओढ्याचं पाणी साचतं, टोक खाली जातं, पाणी सांडतं, आणि दुसरीकडचं मुसळ धाडकन मातीवर आदळतं. लाकडाची करकर, पाण्याची सळसळ, मग तो धप्प आवाज. रात्रंदिवस. माती कुटायला दोन-तीन आठवडे लागतात आणि यंत्र लावायचं नाही असं गावाने ठरवलेलं. म्हणून ओढा देईल तेवढीच माती, आणि माती असेल तेवढेच हात. एका घरात चाकावर बसणारे साधारण दोनच, बाप आणि मुलगा. बाहेरचा शिकाऊ घेत नाहीत. मुलींना चाक मिळत नाही. माती गाळणं, वाळवणं हे कष्टाचं काम मात्र बायकांकडे. राकु, काकिएमोन या नामांकित घरांच्या याद्यांतही सगळे पुरुषच. ही गोष्ट जपानी पाहुणचाराच्या भरात कुणी फारशी बोलत नाही, म्हणून मी बोलतो.

तरी पण मला विचाराल तर माझं मन ओंताकडेच ओढतं. 1931 साली लोककलेचे पुरस्कर्ते यानागी सोएत्सु तिथे पोचले, 1954 साली इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच येऊन राहिले, आणि गावाचं नाव झालं. गिऱ्हाईक वाढलं, पैसा आला. अशा वेळी एखाद्या घराने वीज लावून दुप्पट माती कुटली असती तर नवल नव्हतं. तसं झालं नाही. 1995 साली सरकारने सन्मान केला तो कुणा एकाचा नाही, सगळ्या गावाचा मिळून. पण ओढा जसा देतो तसा नेतोही. 2017 च्या जुलैत उत्तर क्यूशूत अतिवृष्टी झाली, ओढ्याला पूर आला आणि मुसळांची मोडतोड झाली. माणसांनी पुन्हा ओंडके आणले, पुन्हा बसवले.

जपानला जायचा योग आला, तर क्योतोत राकुंचं संग्रहालय त्यांच्या घराला लागूनच आहे. वाडगा हातात घेऊन बघता येईल अशा बैठकीही तिथे होतात, त्यांची तारीख आधी विचारून घ्या. नुसता काचेआडून पाहिलेला राकु वाडगा अर्धाच कळतो. ओंताला जायचं तर ऑक्टोबरात जा, तेव्हा भांड्यांची जत्रा असते. रोजच्या जेवणात वापरायच्या थाळ्या आणि वाडगे मिळतात. कुणी केले ते विचारू नका, आवडलं ते उचला.

नमस्कार.