तिसरा कुणी टाकला?

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? ठीक.

मी गेली 22 वर्षं लोकांच्या घरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करते. आजचा विषय संघाच्या सचिवांनी ठरवलेला नाही, एका काकांनी ठरवला आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला. म्हणाले, "लॅपटॉपचं बटण दाबतो, चहा टाकतो, चहा पितो, कप विसळतो, तरी हा बाबा अजून गोल गोल फिरतोच आहे." मी गेले, बटण दाबलं आणि मोबाइलवर वेळ मोजली. साडेनऊ मिनिटं. चार जीबी रॅम, आत जुनी फिरती हार्ड डिस्क. आणि खाली कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, एक सोडून तीन ढाली, म्हणजे तीन अँटिव्हायरस, कॉम्प्युटरमधले विषाणू पकडणारे प्रोग्राम!

पहिली ढाल लॅपटॉपबरोबरच आलेली, फुकट मुदतीची, केव्हाच संपलेली. दुसरी काकांनी दुकानातून आणलेली, तीन वर्षांचा पॅक. मी विचारलं, "आणि तिसरा कुणी टाकला?" काका म्हणाले, "भाच्यानं. तो आयटीत आहे." (हशा.)

हसू नका, कारण काकांनी पुढे जे विचारलं त्याचं उत्तर मला तिथं उभ्या उभ्या नीट देता आलं नाही. ते म्हणाले, "आमच्या दाराला लॅच आहे, कडी आहे, वर साखळी आहे. तिघांनी मिळून दार जास्तच पक्कं होतं. मग कॉम्प्युटरला एकच कुलूप का?"

प्रश्न रास्त आहे. घरी परत येताना रिक्षात मला उत्तर सुचलं. तुमची कडी कधी उठून लॅचला चोर समजून धरत नाही. अँटिव्हायरस धरतो.

ते कसं, हे जरा सावकाश बघू. तुम्ही नातवाच्या फोटोवर दोनदा क्लिक करता. "ही फाइल उघड" असा निरोप विंडोजच्या आत वरून खाली जातो आणि डिस्कपर्यंत पोचतो. अँटिव्हायरसचा एक तुकडा, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, या वाटेतच बसलेला असतो. तो निरोप अडवतो, फाइल वाचतो, आपल्या यादीशी ताडून बघतो आणि मग पुढे सोडतो. हे जवळजवळ प्रत्येक फाइलला. म्हणजे अँटिव्हायरस हे बाकीच्या सॉफ्टवेअरसारखं टेबलावर ठेवलेलं यंत्र नाही. तो नळाच्या पाइपात बसवलेला फिल्टर आहे.

आता त्याच पाइपात दुसरा फिल्टर बसवा. पहिल्याला फोटो तपासायचा आहे, म्हणून तो फाइल उघडतो. दुसऱ्याला दिसतं की कुणीतरी फाइल उघडतंय. कोण, कशासाठी, हे तो विचारत बसत नाही. त्याचं कामच संशय घेणं. तो निरोप थांबवून स्वतः तीच फाइल वाचायला घेतो. एका फोटोचं दोनदा वाचन झालं. फोटो एक असेल तर तुम्हाला कळणारही नाही. पण विंडोज सुरू होताना हजारो फाइली उघडतात, आणि फिरत्या डिस्कमध्ये वाचणाऱ्या सुईची दांडी एकच असते. ती बिचारी इकडून तिकडे धावत राहते. टास्क मॅनेजर उघडून बघा, डिस्कच्या रकान्यात 100 टक्के लाल झालेले दिसतील. काकांची साडेनऊ मिनिटं तिथं गेली.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. "दोन अँटिव्हायरस टाकले की निळा पडदा येतो, मशीन बसतं" असं तुम्ही ऐकलं असेल. ते विंडोज एक्सपी या जुन्या विंडोजच्या काळात फार खरं होतं. तेव्हा हे प्रोग्राम विंडोजच्या गाभ्यातल्या तक्त्यांमध्ये स्वतःच खाडाखोड करून आपला पत्ता घुसवायचे. एकानं केलेल्या खाडाखोडीवर दुसऱ्यानं केली की संपलं. पुढे 64 बिटांच्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टनं ही खाडाखोड बंद केली आणि वाटेत बसणाऱ्यांना रीतसर रांग लावून दिली. या रांगेत प्रत्येकाला उंचीचा आकडा मिळतो. अँटिव्हायरससाठी आकड्यांचा एक वेगळा पट्टा राखून ठेवलेला आहे. म्हणजे आज दोघं एकमेकांच्या डोक्यावर बसत नाहीत, रांगेत मागेपुढे उभे राहतात. निळा पडदा कमी झाला. भांडण मिटलं नाही.

भांडण कसलं? समजा खरोखरच एक विषारी फाइल आली. दोघांनाही ती सापडली. पहिला तिला उचलून आपल्या कोठडीत टाकायला जातो, तर दुसऱ्यानं ती तपासणीसाठी धरून ठेवलेली. पहिला म्हणतो, "हटवता आली नाही." दुसरा म्हणतो, "फाइल सापडत नाही." तुमच्यासमोर दोन खिडक्या, दोन्ही लाल, आणि तुम्ही मला फोन करता. जुन्या काळी याहून गंमत होती. अँटिव्हायरसच्या यादीत विषाणूंच्या खुणा म्हणून त्यांचेच तुकडे ठेवलेले असायचे. दुसऱ्याला ते मेमरीत दिसले की तो ओरडायचा, "सापडला!" पोलिसाच्या खिशात चोराचा फोटो मिळाला म्हणून पोलिसालाच आत टाकण्यातला प्रकार. आता ती यादी आणि कोठडी, दोन्ही सहसा कुलूपबंद सांकेतिक रूपात ठेवतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

आणि दुसऱ्याचं कशाला, 2012 च्या सप्टेंबरमध्ये सोफॉस या नावाजलेल्या कंपनीच्या अँटिव्हायरसनं स्वतःच्याच अपडेट करणाऱ्या भागाला विषाणू ठरवलं होतं. जो स्वतःला ओळखायला चुकू शकतो, तो शेजाऱ्याला बरा ओळखेल?

खोटा गजर ही काही किरकोळ गोष्ट नाही. 21 एप्रिल 2010 ला मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीमधली एसव्हीसी-होस्ट नावाची अगदी मूळची फाइल विषाणू समजून उचलली. जगभर कंपन्यांतली मशीनं पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिली, इंटरनेट गेलं. आणि 19 जुलै 2024 तुम्हाला आठवत असेल. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले होते तो दिवस. क्राउडस्ट्राइक या कंपन्यांना संरक्षण पुरवणाऱ्या प्रोग्रामच्या एका चुकलेल्या अपडेटनं, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, 85 लाख विंडोज मशीनं आडवी झाली. तो घरगुती अँटिव्हायरस नव्हे, पण वाटेत बसणारा ड्रायव्हर किती खोलवर बसलेला असतो, हे त्यावरून कळतं. असा पाहुणा घरात एक असणं मी समजू शकते. दोन ठेवायचे तर दोघांच्याही चुका आपल्या पदरात.

मग ही दोन-दोनची सवय लागली कुठून? आपल्याला ती उगाच लागलेली नाही. पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला गेलेले इथं किती जण आहेत? सगळेच! घरी येऊन ड्राइव्ह लावला की सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले. एक अँटिव्हायरस गप्प, दुसरा टाकला की त्यानं पकडला. त्यावरून माणसानं धडा घेतला, दोन असलेले बरे. ड्राइव्ह लावताच आपोआप प्रोग्राम सुरू होण्याची विंडोजची ती जुनी सोय या साथीच्या मुळाशी होती. 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टनं अपडेट देऊन जुन्या विंडोजमध्येही ती पेन ड्राइव्हपुरती बंद केली. रोग बराच ओसरला. सवय राहिली.

तशी ही गोष्ट आपल्या आसपासचीच आहे. पीसीवर पसरलेला पहिला विषाणू, ब्रेन, 1986 मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला आणि फ्लॉपीतून जगभर गेला. आणि पुण्यात सातारा जिल्ह्यातल्या दोन भावांनी, कैलास आणि संजय काटकर यांनी, 1990 च्या दशकात क्विक हील हा अँटिव्हायरस उभा केला. कैलास काटकर आधी कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. आमच्या धंद्यातला माणूस, म्हणून मला त्यांचं नाव घ्यायला आवडतं. पण त्यांचा घ्या की कुणाचा घ्या, एक घ्या.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, "बाई, आमच्याकडे तर विंडोजबरोबरच येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस आधीच आहे, म्हणजे वरून टाकलेला धरून दोन झालेच की." नाही झाले. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस बसला आणि त्यानं विंडोजकडे नाव नोंदवलं की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. 2016 पासून एक सोय अशीही आहे की त्यानं पहारा द्यायचा नाही, पण अधूनमधून येऊन एक फेरी मारून जायची. ती चालू ठेवली तरी हरकत नाही. डिफेंडर कच्चा आहे हा समज मात्र जुना आहे. व्हिस्टा या जुन्या विंडोजमध्ये तो फक्त हेरगिरी करणारे प्रोग्राम शोधायचा. पूर्ण अँटिव्हायरस तो 2012 मध्ये, विंडोज 8 बरोबर झाला. आज घरगुती वापराला तो पुरेसा आहे, हे माझं स्पष्ट मत. दुकानदारांना ते आवडत नाही.

आणखी एक गंमत. तीन ढाली म्हणजे तीन वेगळी डोकी, असं नसतं. 2016 मध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीनं एव्हीजी ही दुसरी अँटिव्हायरस कंपनी विकत घेतली. आज दोन्हींच्या आत इंजिन, म्हणजे विषाणू ओळखणारा भाग, तेच आहे. रुमेनियाच्या बिटडिफेंडरचं इंजिन तर कितीतरी कंपन्या भाड्यानं वापरतात. म्हणजे डबे दोन, भाजी एकच.

तरीही दोन डोळ्यांनी बघण्याची कल्पना चुकीची नाही. जर्मनीतली जी डेटा ही कंपनी एकाच प्रोग्राममध्ये दोन इंजिनं घालते. पण तिथं दोघांना चालवणारा एकच असतो, कुणी आधी बघायचं ते ठरलेलं असतं. तुमच्यापैकी ज्यांची बायपास झाली आहे त्यांनी आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं असेलच. मत दोघांचं घेतलंत. गोळ्या दोघांच्या एकदम खाल्ल्या नाहीत. कॉम्प्युटरचंही तसंच. कायम पहारा देणारा एक, आणि शंका आली तर बोलावून, दाखवून, परत पाठवायचा दुसरा. मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर फुकट आहे. उतरवून घेतल्यापासून दहा दिवसांनी तो चालत नाही, पुन्हा ताजा घ्यावा लागतो. ठाण मांडून बसत नाही, म्हणून मला तो आवडतो. मालवेअरबाइट्सचा फुकट प्रकारही चालेल, फक्त पहिले 14 दिवस तो चाचणी म्हणून पहाऱ्यालाही उभा राहतो, तेवढं बंद करा.

एखाद्याच फाइलबद्दल शंका असेल तर व्हायरसटोटल ही वेबसाइट. 2004 मध्ये स्पेनमधल्या मालागा शहरात सुरू झालं, 2012 मध्ये गूगलनं घेतलं. फाइल तिथं चढवली की साठ-सत्तर इंजिनं ती तपासून देतात, तुमच्या मशीनवर एकही न बसवता. पण तिथं टाकलेली फाइल संशोधकांना बघायला मिळते. आधार कार्ड, मृत्युपत्र, बँकेचं स्टेटमेंट तिथं टाकायचं नाही. एका आजींनी टाकलं होतं. पुढचं विचारू नका.

जास्तीचा काढायचा कसा? प्रोग्राम फाइल्समध्ये जाऊन फोल्डर डिलीट करू नका, त्यानं ड्रायव्हर वाटेतच अडकून राहतो. सेटिंगमधून रीतसर काढा, मशीन बंद करून चालू करा, मग त्याच कंपनीच्या साइटवरून तिचा काढून टाकणारा छोटा प्रोग्राम घेऊन एकदा चालवा. शेवटी विंडोज सिक्युरिटीत, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये, मॅनेज प्रोव्हायडर्सवर जा. तिथं कोण चालू आहे ते नावानिशी दिसतं.

काकांचे दोन असेच काढले. साडेनऊची चार मिनिटं झाली. पुढे जुनी डिस्क बदलून एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, बसवली तेव्हा अर्धं मिनिट. खरा फरक डिस्कनं पाडला, हे कबूल करते.

प्रश्न आहेत का? हां, बोला आजोबा... "तीन वर्षांचे पैसे भरलेत, अजून दोन वर्षं बाकी आहेत, ते बुडवायचे का?" अजिबात नाही. तोच ठेवा, बाकीचे काढा. मुदत संपली की लगेच घाबरून पुन्हा पैसे भरू नका. तो काढून टाका, डिफेंडर जागा घेईल. आणि कार्डावरून दर वर्षी आपोआप पैसे कापले जाण्याची खूण आजच काढा. कुणाला ब्राउझरच्या कोपऱ्यात "तुमचं संरक्षण संपलं, येथे दाबा" असं येत असेल, तर ते बहुतेक वेळा कुठल्याच अँटिव्हायरसचं नसतं. कधीतरी एखाद्या साइटला "अलाऊ" म्हटलेलं असतं, ती साइट बोलत असते. ब्राउझरच्या नोटिफिकेशनच्या यादीतून तिला काढा.

ताई, तुमचं? "विंडोज 10 आहे, अँटिव्हायरस चांगला पैसे भरून घेतलाय, मग चालेल ना?" मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ला नेहमीची सुरक्षेची अपडेटं देणं थांबवलं. भोकं बुजवणं हे विंडोजचं काम, अँटिव्हायरसचं नव्हे. बुजवणी थांबल्यावर वर दोन अँटिव्हायरस लावले तरी भोक ते भोकच. तुमचं मशीन 11 घेऊ शकतं का ते मी बघून सांगते.

लॅपटॉप कुणी कुणी आणलेत? अरे वा. एक, दोन, तीन... सात. चार्जर घेऊन पुढे या, आणि सुरू करून ठेवा, काहींना वेळ लागेल. प्लगपॉइंट इथं दोनच आहेत. आणि मागचे काका, तुमच्या कोपऱ्यात ढाली किती आहेत, ते मोजून या.