‘सर, सर!’ म्हणजे नक्की काय?

(४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनानिमित्त बेळगावच्या उद्यमबागेत लघुउद्योजक आणि सुपरवायझर मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. बेळगावात कारखानदारीवर बोलायचं म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव आधी घ्यावं लागतं. १८८८ साली त्यांनी इथंच सायकलचं दुकान काढलं, १९१० मध्ये बाडबिस्तरा उचलून किर्लोस्करवाडी वसवली. घेतलं नाव, आता कामाचं बोलतो.

एका फाउंड्रीतली, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यातली गोष्ट. मी तिथं शिफ्ट सुपरवायझर होतो, कुठली ते विचारू नका. चेन पुलीवर मोठं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, लटकत होतं आणि त्याला बांधलेला पट्टा, म्हणजे स्लिंग, एका बाजूनं सरकायला लागली. चेन ओढणारा गडी इथल्याच अनगोळचा, मराठी. तो बोंबलला, “सर! सर!” खाली उभा होता ओडिशाहून आठ दिवसांपूर्वी आलेला पोरगा. त्याला वाटलं, साहेब आले. बिचारा ताठ उभा राहून दाराकडे बघायला लागला. आमचा फोरमन कन्नड, तो ओरडला, “सरि! सरि!” आता कन्नडमध्ये ‘सरि’ म्हणजे बाजूला हो, आणि ‘सरि’ म्हणजे ठीक आहे, असंही. आठ दिवसांत पोराला दुसराच अर्थ कळला होता. पायात चप्पल. दोन बोटं गेली.

रजिस्टरमध्ये कारण लिहिलं, ‘कामगाराचं लक्ष नव्हतं’. लिहिणारा मीच. ते खोटं होतं असं म्हणणार नाही, पण ते कारणही नव्हतं. तो तिथं उभा का होता? कारण जायच्या वाटेवर कोअर बॉक्सचा, म्हणजे साच्यातले वाळूचे गाभे पाडायच्या पेट्यांचा, ढीग होता. ढीग तिथं का? कारण त्याला दुसरी जागाच नव्हती. लटकत्या मालाखाली उभं राहायचं नाही, हे आम्ही सगळ्यांना सांगितलेलं होतं. मराठीत.

आपल्या भागातलं शॉप असंच आहे बघा. मशीनवर मराठी, पलीकडे कन्नड, फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करतात तिथं, हिंदी, आणि भिंतीवरचं पोस्टर इंग्रजीत. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम १०८ होतं. सूचना इंग्रजीत लावा आणि बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेतही लावा, असं त्यात सांगितलेलं. ‘बहुसंख्य’. पण अपघात नेमका त्या बाकीच्या चौघांतल्या एकाला होतो. पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली, यावर आपल्याकडे काय काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. मी त्यात पडत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की पाटी वाचायची वेळच येऊ नये, अशी जागा लावा.

फाइव्ह एस, फाइव्ह एस म्हणतात ते हेच. पाच जपानी शब्द आहेत, पाठ करायची गरज नाही. पहिला ‘सेइरी’, म्हणजे नको ते काढणं. इथं आपली गाडी अडते, कारण प्रत्येक मालकाला एक रोग असतो, ‘लागेल कधीतरी’. त्यावर सोपा उपाय. शंका असलेल्या वस्तूला लाल चिठ्ठी बांधा, तारीख घाला, कोपऱ्यात ठेवा. महिनाभर कुणी मागितली नाही तर भंगारात. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका बंद पडलेल्या कंपनीची चार डाय सापडली. मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दुसरा ‘सेइतोन’, जिथली वस्तू तिथं. लेथजवळ प्लायवुडचा तुकडा ठोका, त्यावर चक कीचा, म्हणजे लेथचा जबडा (चक) आवळायच्या चावीचा, आकार रंगवा, पान्यांचे आकार रंगवा. चक की चकमध्येच राहिली आणि कुणी बटण दाबलं, तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी ती राहते. बोर्ड असला की नियम एकच: चक कीचा आकार रिकामा दिसला तर बटणाला हात लावायचा नाही. रिकामा आकार ओडियातही रिकामाच दिसतो. जमिनीवर पिवळी पट्टी मारा, पट्टीच्या आत माल, बाहेर वाट. आणि माल उचलताना ओरडायचं नाही, शिट्टी. आम्ही त्या अपघातानंतर शिट्टी आणली. पाहिजे होती आधी.

तिसरा साफसफाईचा. आपण खंडेनवमीला काय करतो? मशीन पुसून लख्ख करतो, झेंडूची माळ घालतो, नारळ फोडतो. त्याच दिवशी नेमकं लक्षात येतं, अरे, इथनं तेल गळतंय की! बेल्ट चिरलाय की! पुसणारा हात मशीन तपासत असतो. मग हे वर्षातनं एकदाच का? रोज शिफ्ट संपताना दहा मिनिटं द्या. मशीन बंद करून, बरं का. चालू मशीनला चिंधी लावू नका. आणि ड्रिलवर हातमोजे घालू नका, फिरणारं ड्रिल मोज्यासकट हात ओढतं.

तेलाचं निघालंच तर हायड्रॉलिकवाल्यांसाठी, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रं करणाऱ्यांसाठी, एक. बेळगावचे सिलिंडर देशभर जातात, टेस्टिंग बेंच गल्लोगल्ली आहेत. होजमधनं, म्हणजे तेलाच्या नळीतनं, बारीक धार उडते, डोळ्याला दिसत नाही, आणि माणूस सवयीनं बोट फिरवून बघतो. तेवढ्या दाबाखालचं तेल कातडीतनं आत जातं. वर सुईच्या टोकाएवढी खूण, फारसं दुखतही नाही. गडी हळद लावून घरी जातो, आणि आत हात सडायला लागतो. त्याला लगेच, त्याच तासाला, शस्त्रक्रिया होते अशा दवाखान्यात न्या, आणि डॉक्टरांना सांगा की प्रेशरचं तेल आत गेलंय. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा, आणि जोडणी आवळायची तर आधी प्रेशर उतरवा.

आणि फाउंड्रीवाल्यांनो, पावसाळा. आपला पाऊस तुम्हाला माहीत आहे, जूनला लागला की सुटत नाही. भंगार उघड्यावर पडलेलं असतं. ओला तुकडा, किंवा तोंड बंद असलेला पाइप, आत पाणी धरून इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, गेला तर वितळलेल्या लोखंडाखाली त्या पाण्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या १६०० पटींहून जास्त जागा लागते. ती जागा नसते, मग रस वर उडतो. ज्यानं हा आवाज ऐकलाय त्याला मी काही सांगायला नको. म्हणून भंगाराला पत्र्याची शेड आधी घाला, ऑफिसला एसी नंतर. बंद पाइप कापून घ्या, चार्ज, म्हणजे भट्टीत टाकायचा माल, वाळवून, गरम करून टाका. शेडला पैसे नाहीत म्हणणाऱ्या एका मालकांकडे मी हिशेब मागितला होता. त्यांनी पूजेचा मांडव दरवर्षी भाड्यानं आणल्याचं निघालं. पत्रे त्यातच आले असते.

मला वेळ संपल्याची चिठ्ठी आलीय. सोमवारी सकाळी फक्त एक मशीन निवडा. प्लायवुड, पिवळ्या रंगाचा डबा, एक ब्रश. कुठलं मशीन ते मालकानं ठरवू नये, त्यावर काम करणाऱ्याला विचारावं. आता प्रश्न विचारा. कन्नडमध्ये विचारलं तरी चालेल, उत्तर माझ्या कन्नडमध्ये मिळेल, तेवढं सांभाळून घ्या.